शेवटच्याने लावायचा झापा

समुद्राकडे जाणारी पायवाट पूर्वी आमच्या चिकूच्या वाडीतून जायची. आता ती जाऊबाईंच्या वाडीतून जाते. दोन्ही वाड्यांमधली दगडी भिंत त्यांनी स्वतः माणसं लावून फोडली आणि वाटेला जागा करून दिली. आमच्या डहाणूकडे हातभर जमिनीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात, त्यामुळे लोक मला विचारतात की तुमच्या जाऊबाई एवढ्या उदार कधीपासून झाल्या. मी विषय बदलते. आज लिहायला बसले आहे, कारण लिहिताना मधे कोणी तोंड घालत नाही.

आधी माझ्या स्वभावाबद्दल. मी संशयी आहे. दूधवाल्याचं माप, वायरमनने जोडलेली वायर, जावयाचं फार गोड बोलणं, सगळ्याकडे मी एकदा तिरक्या नजरेने बघून घेते. घरात मला पोलीसपाटील म्हणतात. म्हणोत बापडे. या स्वभावापायी माझी झोप गेली असेल, पण घरातली वस्तू कधी गेली नाही.

दोन हजार पंधराच्या सुमारास माझ्या नवऱ्याने वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. मुंबईची, सुरतेची माणसं शनिवार-रविवार यायची, झाडाखाली खाटा टाकून पडायची, जाताना चिकूचे चिप्स घेऊन जायची. फोनवर मात्र सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, स्विमिंग पूल आहे का? आमच्याकडे वाडीला पाणी द्यायचा सासऱ्यांच्या वेळचा हौद होता, छातीएवढ्या कठड्याचा. नवऱ्याने तो फोडला, त्या जागी निळ्या फरश्यांचा पूल केला आणि पाणी थेट जमिनीच्या पातळीला आणलं. फोटोत छान दिसतं म्हणे. हौदात पडायला आधी चढावं लागायचं, यात नुसतं चालत जाता येत होतं.

आणि त्याच सुमाराला माझी नात चालायला लागली. मुलगी आणि जावई दोघंही बोईसरला नोकरीला, त्यामुळे पोर दिवसभर माझ्याकडे. पोर कसली, पाराच. आत्ता ओट्यावर दिसली म्हणून भाजी चिरायला मान खाली घालावी, तर वर बघेपर्यंत ती नारळाच्या आळ्यात बसून माती खात असायची. पूल भरला त्या दिवशी लोक पूजा करून पेढे वाटत होते आणि मी पाण्यापासून ओट्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत होते.

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात असते. नवऱ्याने तिला व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने पूल दाखवला. ती म्हणाली, "भाऊजी, कुंपण कुठाय?" तिच्याकडे म्हणे घरच्या पुलालाही कुंपण घालावंच लागतं, कायदाच आहे. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, सोडलं की आपोआप मिटणारं हवं, कडी लहान मुलाचा हात पोचणार नाही एवढी वर हवी, आणि कुंपणाजवळ चढायला खुर्ची, कुंडी, काही ठेवायचं नाही. नवरा हसला. म्हणाला, "आमच्याकडे अख्खा समुद्र उघडा पडलाय, त्याला कोण कुंपण घालतो?" मला हसू आलं नाही.

मी ग्रामपंचायतीत विचारायला गेले. तिथल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुंपण कशाला? गुरं येतात का पाण्यावर?"

"नात येते," मी म्हटलं.

ते म्हणाले, "खोल्यांचं विचारा, शौचालयाचं विचारा, मी लगेच सांगतो. हे बघावं लागेल." त्यांनी बघितलं की नाही, देव जाणे. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की कुंपण झालं नाही तर पाहुण्यांचा स्वयंपाक मी करणार नाही. कायदा सापडायला वेळ लागतो, जेवणाची वेळ मात्र रोज होते. नवरा तयार झाला.

तलासरीहून फॅब्रिकेटर आला. त्याने पुलाभोवती टेप धरला आणि गावात वेगळीच हवा झाली. त्या दिवसांत जवळच्या वाढवणला मोठं सरकारी बंदर करायचं पुन्हा निघालं होतं, त्यात जमिनी जाणार म्हणून जिकडे तिकडे विरोधाचे फलक लागले होते आणि टेप घेऊन फिरणाऱ्या कोणाकडेही माणसं रोखून बघायची. संध्याकाळी शेजारच्या आगर गावची मासेवाली टोपली उतरवत मला म्हणाली, "काकी, तुमची वाडी पन बंदरात गेली काय?"

"कोण सांगतं?"

"लोक सांगतात."

लोक म्हणजे कोण, हे मला बरोबर कळलं. भिंतीपलीकडून सगळं मापन बघणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझ्या जाऊबाई. वाटणीत हौद आमच्या बाजूला आला हे त्यांना कधीच रुचलं नव्हतं, आणि तो फोडून पूल केला तेव्हा तर त्या पेढा खायलाही आल्या नव्हत्या. कुंपण उभं राहताना मात्र रोज भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या. "पाण्याला पिंजरा घातलास गं," एवढंच म्हणाल्या. मी ते मनात धरून ठेवलं.

फॅब्रिकेटरला आडव्या पट्ट्या लावायच्या होत्या. आडव्यात शो येतो म्हणाला. मी म्हटलं, आडव्या म्हणजे पोरांना शिडीच झाली, उभ्या सळ्या लाव. त्याने तोंड वाकडं करून उभ्या लावल्या. फाटकांना स्प्रिंग बसवली. फाटक सोडलं की ते धाडकन मिटायचं आणि कडी आपोआप अडकायची. तो आवाज माझ्या कानाला फार गोड वाटायचा. नवरा म्हणायचा, तुरुंगात राहिल्यासारखं वाटतं.

फाटकं दोन होती, आणि ती का होती हे सांगायला हवं. रस्त्याकडून समुद्राकडे जाणारी पायवाट पूल आणि जाऊबाईंची भिंत यांच्या मधून जायची. वाट आणि पाणी यांच्यामध्ये कुंपण घालायचं तर पुलाच्या कडेच्या खुर्च्या हलवाव्या लागल्या असत्या, आणि नवऱ्याला नेमक्या त्याच खुर्च्या फोटोत हव्या होत्या. म्हणून एका बाजूला भिंतच कुंपण मानली आणि वाट कुंपणाच्या आत घेतली. एक फाटक रस्त्याच्या बाजूला, एक समुद्राच्या. वाट बंद करायचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. आमच्याकडे वाडी मालकाची असते, पण वाडीतली वाट सगळ्यांची. मासेवाल्या त्या वाटेने वर यायच्या, रानशेतकडून तोडणीला येणाऱ्या बायका चिकूचे क्रेट डोक्यावर घेऊन तिथूनच जायच्या, जाऊबाईंच्या वाडीचं मागचं दारही पलीकडे त्याच वाटेवर उघडायचं.

आणि या वाटेची एक रीत आहे. पूर्वी तिथे बांबूचा झापा होता. इकडे वाडीच्या फाटकाला झापा म्हणतात, आमचे गुजराती शेजारीही जवळजवळ तसंच म्हणतात. डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही. म्हणून झाप्यातून जाताना पुढचीने न वळता ओरडून विचारायचं, "मागं कोण हाय?" मागून आवाज आला की झापा उघडा सोडायचा. मागून येणारीच्या तोंडावर झापा लावणं म्हणजे तिचा अपमान. ज्याच्या मागे कोणी नाही त्याने लावायचा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी ही रीत सांगितली होती.

कुंपण झालं आणि महिन्याभरात रस्त्याकडचं फाटक सताड उघडं दिसायला लागलं. आपोआप मिटणारं फाटक उघडं राहीलच कसं? जाऊन बघते तर सळीला निळ्या नायलॉनचा फास, मासेमारीच्या जाळ्याचा. तो शेजारच्या खांबाला अडकवून ठेवलेला. मी फास कापला. दुसऱ्या दिवशी तिथे सुतळी. सुतळी कापली, तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. हे काम कोणीतरी मुद्दाम करत होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

पहिला संशय नवऱ्यावर. त्याला कुंपण नकोच होतं. तो देवाची शपथ घ्यायला लागला तेव्हा त्याला सोडलं. मग पाहुण्यांवर. पण फाटक मंगळवारी-बुधवारीही उघडं असायचं, तेव्हा पाहुणे कुठून येणार? मासेवालीला विचारलं, तर तिने मलाच सुरमईचा भाव सांगितला. मग एक दिवस फास निघाला तो साडीच्या काठाचा, हिरव्या रंगाचा, बारीक पिवळ्या बुट्टीचा. ती साडी मी चांगली ओळखत होते. जाऊबाई ती नेसून आमच्या मुलीच्या लग्नात मिरवल्या होत्या.

तो काठ मुठीत धरून मी भिंतीशी गेले.

"वहिनी, हे तुमचं का?"

"माझंच," त्या म्हणाल्या. लाज नाही, काही नाही. "जुनी साडी फाडली गं. ती ट्यूब हाताला काळं लावायची."

"तुम्ही फाटक बांधून ठेवता?"

"मी एकटी कशाला? तोडणीची बाई क्रेट घेऊन येत होती. तिच्या तोंडावर ते धाडकन मिटलं, क्रेट पडता पडता वाचला. तुझ्याच चिकूंचा क्रेट होता."

"आत पाणी आहे, वहिनी. घरात लहान पोर आहे."

"मग शेवटचीने लावावा की. रीतच आहे ती."

असं म्हणून त्या झारी घेऊन आळ्यांना पाणी घालायला निघून गेल्या. माझा संताप झाला. एवढं सरळ उत्तर देणारा माणूस मला नेहमीच जास्त लबाड वाटतो.

मग मी पाळत ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसायचं. पोळ्या लाटता लाटता मी एक अख्खी सकाळ तिकडे डोळे लावून बसले. आधी तोडणीच्या बायका आल्या. पहिलीने फाटक ओढून फास अडकवला, "मागं कोण?" म्हणत पुढे गेली. शेवटच्या बाईने फासाला हात घातला, तेवढ्यात पलीकडून मासेवाली टोपली घेऊन येताना दिसली, म्हणून तिने तो तसाच सोडला. मासेवाली बाहेर पडली, तर समोरून माझा नवरा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन हजर. तिने त्याच्यासाठी सोडला. नवऱ्याने मागे वळून पाहिलं, लांबून जाऊबाई येत होत्या, त्याने आपल्या वहिनीसाठी सोडला. जाऊबाईंनी विचारलं, "मागं कोण हाय?" आणि कोणीतरी होतंच. सबंध सकाळ त्या वाटेवर शेवटचं कोणी आलंच नाही. फाटक आपलं उघडंच.

कोणी म्हणेल, आता तरी माझा संशय फिटला असेल. कसला फिटतोय? मला वाटलं, एवढ्या सगळ्यांना हे शिकवून ठेवणारी भिंतीपलीकडचीच असणार. मी पाटी लावली, "फाटक लगेच बंद करा." सगळ्यांनी वाचली, माना डोलावल्या. तोडणीची बाई मला समजावत म्हणाली, "काकी, लावतो ना आमी. पन मागून कोनी येत आसल तं कसा लावायचा? बरा दिसतं काय?" अशी दोन वर्षं मी रोज फास कापत राहिले. आणि नातीला दटावत राहिले की झाप्याच्या आत एकटीने पाऊल टाकायचं नाही.

ती "हो आजी" म्हणायची. तिचं "हो" मला पुरेसं वाटायचं नाही. ती साडेतीन वर्षांची झाली होती आणि दिवसभर जाऊबाईंच्या मागे मागे असायची. हेही मला खुपायचं. त्या तिला कडेवर घेऊन वाटेवरून न्यायच्या, मासेवालीशी गप्पा मारायच्या, नात मोठ्यांचं सगळं बोलणं टिपून घ्यायची. पाण्यात पडलेल्या मुलाचा आवाज होत नाही, हे माझ्या बहिणीने मला सांगितलं होतं. मी भांडी घासतानाही नळ मधेच बंद करून कानोसा घ्यायचे. आणि मग आठवायचं की ऐकू येणारच नाही.

तो दिवस आठवड्यातला मधलाच कुठला तरी होता. खोल्या रिकाम्या होत्या. रविवारच्या पाहुण्यांचा लाल बॉल पुलात तसाच तरंगत राहिला होता. काढायचा म्हणून मी सकाळीच नवऱ्याला सांगितलं होतं, तो "काढतो" म्हणून डहाणूच्या बाजारात निघून गेला. जेवणानंतर नात ओट्यावरच्या खाटेवर झोपली. मी चिकूच्या फोडींनी भरलेली परात घेऊन अंगणात वाळत घालायला निघाले.

पुढचं जाऊबाईंनी मला नंतर सांगितलं, पण इथेच सांगते म्हणजे नीट कळेल. त्या रस्त्याकडून डोक्यावर झावळ्यांचा भारा घेऊन आल्या. फास त्या सकाळी मी कापला होता, म्हणून त्यांनी एका हाताने फाटक ओढलं, आणि मान न वळवता विचारलं, "मागं कोण हाय?" मागून आवाज आला, "मी." त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, मीच आहे. त्यांनी फाटक सोडून दिलं नाही, मागच्या हातात दिलं, आणि त्या पुढे समुद्राकडच्या फाटकातून निघून गेल्या.

मी अंगणातून मान वर केली तर कर्दळीच्या वरून रस्त्याकडचं फाटक उघडं दिसलं. खाटेकडे बघितलं, चादर होती, पोर नव्हती. फास मी स्वतःच्या हाताने कापला होता, म्हणजे कोणीतरी आत्ताच फाटक उघडून ठेवलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला. परात हातातून सुटली. मी धावले. पायात चप्पल नव्हती, आणि त्या धावण्यातही मी त्या बाईला जन्मभर माफ करणार नाही असं मनाशी म्हणत होते. कुंपणाच्या सळ्यांमधून निळं पाणी दिसत होतं. त्यावर लाल बॉल काठाशी येऊन टेकला होता.

फाटकाशी पोचले. नात तिथेच होती.

ती उंबऱ्याच्या जागी उभी होती. पाठ फाटकाला लावलेली, दोन्ही पाय मातीत रोवलेले. स्प्रिंग तिला आत ढकलत होती आणि ती सगळा जोर लावून फाटक उघडं धरून उभी होती. चेहरा लालबुंद झालेला, कपाळावर घाम. पाणी तिच्यापासून चार पावलांवर होतं. मला बघून ती वैतागली.

"आजी, किती हळू येतेस! माझी पाठ दुखली. मला बॉल घ्यायचाय ना."

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचे दोन्ही खांदे धरले.

"मग गेली का नाहीस?" मी विचारलं.

"मोठ्या आजीने विचारलं ना, मागं कोण हाय. मी म्हटलं मी. मग मी पण मागे बघितलं, तर तू परात घेऊन येत होतीस." एवढं साधं मला कसं कळत नाही, असा तिचा सूर होता. "हातात ओझं असलं की सोडायचं नसतं."

समुद्राच्या बाजूने जाऊबाई आल्या. परात पडल्याचा आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. डोक्यावर भारा नव्हता, पदर खांद्यावरून घसरलेला. फाटक, पोर, पाणी आणि मी, एवढं त्यांनी बघितलं आणि जिथे होत्या तिथेच भिंतीला धरून खाली बसल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत आले होते. त्या वेळी तिथे फक्त माझ्याइतकीच भीती होती.

मी नातीला उचलून कडेवर घेतलं. फाटक आता माझ्या कोपराशी अडलेलं होतं. ती माझ्या खांद्यावरून मागे वाकून बघायला लागली.

"आजी, तुझ्या मागं कोण हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी शेवटची."

"मग तू लाव," ती म्हणाली.

मी तिला घेऊन बाहेर आले आणि फाटक लावलं.